आठ माणसांचा पलंग

आमच्या भागात पलंग माणसांत मोजतात. लांबी-रुंदी कुणी विचारत नाही, लाकूड कोणतं तेही नंतर. पहिला प्रश्न एकच: "किती माणसांचा दिला?" त्यावर किती माणसं झोपतात ते नव्हे, तो उचलायला किती माणसं लागली ते. चार माणसांचा पलंग दिला तर पोरीचा बाप गरीब पण सरळ. सहा माणसांचा दिला तर खाऊनपिऊन सुखी. आणि आठ माणसांचा दिला की त्या बापानं पुढच्या ग्रामपंचायतीला उभं राहायला हरकत नाही.

हे मोजायचं खातं आमच्या घराण्यात तुळजाआत्याकडे होतं. तुळजाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, मुक्काम हसनाबाद. मांडवात रुखवताशेजारी मुलीला द्यायचा पलंग मांडलेला असतो. आत्या तिथं जातात, पदर खोचतात, पलंगाचा एक कोपरा दोन्ही हातांनी धरतात आणि उचलून बघतात. कोपरा हलला नाही तर "बराबर" म्हणतात. हलला तर काहीच म्हणत नाहीत, आणि ते काहीच न म्हणणं पंगत उठेपर्यंत सगळ्या वऱ्हाडाला पाठ झालेलं असतं. माझ्या चुलतभावाच्या लग्नात कोपरा बोटभर उचलला गेला होता. त्याला आता दोन पोरं आहेत, तरी त्याच्या सासऱ्याला आमच्याकडे अजून 'बोटभर' म्हणतात.

अशा घराण्यात माझं, म्हणजे भुजंगचं, लग्न गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, ठरलं. मी जालन्यात एका बियाणं कंपनीत आहे. काम सोपं आहे. शेतकऱ्याला बी द्यायचं आणि उगवेपर्यंत त्याच्या रस्त्यानं जायचं नाही. जुन्या जालन्यात एका धान्याच्या दुकानावर माझी एक खोली आहे. मुलगी घनसावंगीची, नाव बेबीनंदा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि तहसीलदार व्हायचं म्हणून परीक्षेचा अभ्यास करायची. आदल्या वर्षी ती मुलाखतीपर्यंत जाऊन आली होती. मी जिथं जिथं मुलाखतीपर्यंत गेलो तिथं मला आतूनच "पुढच्या वेळी" असं ऐकू यायचं, त्यामुळे मला तिचा पहिल्यापासून आदर वाटायचा.

साखरपुडा झाल्यावर ती आणि तिचे वडील खोली बघायला आले. रामकिसनमामा म्हणजे ऊस, कापूस आणि आवाज, तिन्ही भरपूर असलेला माणूस. त्यांनी भिंतीवर थाप मारली, खिडकीतून गल्ली बघितली, खालून येणारा तूरडाळीचा वास घेतला आणि पसंती दिली. बेबीनंदानं चपला काढल्या आणि ती चालायला लागली. दारापासून खिडकीपर्यंत गेली. वळली. खिडकीपासून दारापर्यंत आली. पुन्हा वळली.

"काय करून राह्यली गं?" मामा म्हणाले.

"चालून पाहून राह्यले, अण्णा."

मग ती माझ्याकडे वळली. लग्न ठरल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदाच थेट बोलत होती, म्हणून मी सरळ उभा राहिलो.

"मला बसून वाचलं की झोप येते," ती म्हणाली. "चालत वाचलं तरच डोक्यात राहतं. घरी अकरा माणसं हाईत. खळ्यात चालत वाचायला गेले की वासरू मागं मागं येतं अन् पुस्तक खातं. मागल्या साली त्यानं अर्धी राज्यघटना खाल्ली. म्हणून विचारते, इथं चालायला जागा राहीन का?"

"आहे की," मी म्हणालो. "सध्या खोलीत मी, एक स्टोव्ह आणि एक कॅलेंडर आहे. कॅलेंडर भिंतीवर आहे."

"पलंग आल्यावर?"

मी कॅलेंडरकडे बघितलं.

तिथून आम्ही तिघं फर्निचरच्या दुकानात गेलो. दुकान जवळच होतं, पण मामा रिक्षानंच गेले, कारण मोठी खरेदी करायला पायी जाणं त्यांना बरं दिसत नव्हतं. दुकानदारानं आम्हाला एका पलंगासमोर उभं केलं. पलंग कसला, तालुकाच होता. डोक्याच्या बाजूला दोन हंस, हंसांच्या मध्ये बदामाच्या आकाराचा आरसा, आरशाभोवती लाल दिवे, आणि खाली एवढी मोठी पेटी की तिच्यात आमच्या कंपनीचं वर्षाचं बियाणं मावलं असतं.

"साहब, ये देखो," म्हणत दुकानदार बुटांसकट पलंगावर चढला आणि उड्या मारायला लागला. "आवाज आया? नहीं आया! सात पिढ्या हलणार न्हाई."

मामांनी बोटाच्या पेरांनी लाकूड वाजवलं. चेहरा उजळला. "किती मानसाचा?"

"आठ पक्के. दोन मजले चढवायचे असतील तर नऊ."

"एका बाईमानसाला उचलतो का?" बेबीनंदानं विचारलं.

दुकानदार उडी मारता मारता थांबला. "ताई, उचलायचा कशाला? पलंग झोपायला असतो."

तिनं खाली वाकून एक कोपरा धरला आणि ओढला. काही झालं नाही. दुकानदार खूष झाला. मग मी पुढे झालो. होणाऱ्या बायकोसमोर मागं राहणं मला पटलं नाही. मी दोन्ही हात लावले आणि जोर केला. पलंग होता तिथंच राहिला. माझी कंबर मात्र राहिली नाही. पुढचा आठवडा मी बियाणं जरा वाकूनच विकलं, आणि लोकांनी त्याचा अर्थ नम्रता असा काढला.

"हा आला तर खोलीत पलंगच राहीन," बेबीनंदा म्हणाली. "आपल्याला बाहेर झोपावं लागन."

"मंग तुला कसा पायजे?" मामांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

तिला कसा पाहिजे ते तिला अगदी नक्की माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी शिक्षिकांच्या एका प्रशिक्षणाला त्यांना कालव्याच्या जुन्या विश्रामगृहात उतरवलं होतं. साठ-बासष्ट सालात कुठल्या तरी साहेबासाठी केलेलं तिथलं सगळं सामान तसंच होतं. तिच्या खोलीत एक बुटका पलंग होता. ना हंस, ना आरसा, ना पेटी. नुसती सागवानी चौकट, आडव्या पट्ट्या, आणि खाली चार निमुळते पाय. पाय सरळ नव्हते, बाहेर झुकलेले होते, आणि टोकाला पितळी टोप्या. पहिल्याच रात्री छत गळायला लागलं. इतर बाया शिपायाला हाका मारत बसल्या. बेबीनंदानं उठून एकटीनं पलंग उचलला, पलीकडे ठेवला आणि झोपली.

पुढं कधीतरी कंपनीच्या साहेबाच्या घरी एका इंग्रजी मासिकात मी डिट्टो तसा पलंग बघितला. खाली 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' असं नाव होतं. घनसावंगीत त्याला नाव मिळालं 'पाय फाकलेला', आणि ते ठेवलं कडूबानं.

कडूबा हा घनसावंगीचा सुतार. त्याचा पलंग म्हणजे देऊळ. एकेक पाय खांबासारखा, डोक्याशी दोन मोर, पायाशी दोन मोर, आणि गिऱ्हाईक गाफील असेल तर बाजूलाही मोर. आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो तेव्हा बेबीनंदानं काढून आणलेलं चित्र त्यानं सरळ धरलं, उलटं धरलं, मग आडवं धरलं.

"ताई, ह्याचे पाय असे फाकलेत कामून? नुकत्याच झालेल्या वासरावानी?"

"वासरू पडतं का, कडूबाकाका?"

"पडतं की."

"मंग उठून उभं राहतं ना? तसे करा."

"मोर कुठं काढू?"

"मोर न्हाई काढायचा."

कडूबानं चित्र खाली ठेवलं. सरकारनं सुतारकामावर बंदी आणल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "एक बी न्हाई?"

"दिसायला नको," ती म्हणाली, आणि पुढे टेबलाचं बोलायला लागली. आरशाचं टेबल नको, तसल्याच पायांचं वाचायचं टेबल. त्याच्या फळीखाली आरसा, लागला तर उघडायचा. आणि एक खुर्ची.

"खुर्ची कुणाला?" मामा.

"ह्यांना. मी चालत असले की ह्यांनी बसायचं कुठं?"

माझी सोय बघणारं कुणीतरी आयुष्यात आलं होतं. मी खाली बघून गालातल्या गालात हसलो.

पण मामांचं वेगळंच चाललं होतं. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "जावईबापू, माझ्या धाकट्या भावानं त्याच्या पोरीला सहा मानसाचा दिल्ता. अन् मी थोरला असून एका मानसाचा देऊ? तेबी बाईमानसाचा? लोक म्हणतीन, रामकिसननं पोरीला बाज देऊन लावून देल्ली. अन् तुमची ती आत्या! कोपरा धरन अन् पलंग तिच्यासंगं घरी जाईन."

"मामा, खोली तिची आहे, पाय तिचे आहेत, परीक्षा तिची आहे."

"अन् इज्जत माझी हाय," मामा म्हणाले. मग एकदम म्हणाले, "कर रे कडूबा, पोरीच्या मनासारखा कर. वजनाचं मी पाहतो."

वजनाचं ते कसं पाहणार हे मी विचारायला पाहिजे होतं. पण मला माझ्या सासऱ्यांचा फार भरवसा होता.

लग्नाच्या दिवशी आम्ही हसनाबादहून दोन ट्रक आणि एक जीप भरून घनसावंगीला गेलो. मांडवात पाय ठेवल्याबरोबर मी पलंग बघितला. खरंच देखणा होता. रुखवतातले सगळे लाडू, करंज्या आणि पुठ्ठ्याचे बंगले त्याच्यासमोर गर्दी केल्यासारखे दिसत होते. एकच गोष्ट मला खटकली. चारी पायांना झेंडूच्या जाडजूड माळा गुंडाळल्या होत्या, पार सतरंजीपर्यंत.

मामा कानाशी आले. "बिनघोर राहा, जावईबापू. आता हत्ती आणला तरी हलत न्हाई."

"का?"

"मांडवाच्या चार लोखंडी खुंट्या ठोकल्या सतरंजीखाली. तारेनं पाय आवळले. वरून माळा." ते छाती फुगवून पुढे म्हणाले, "कडूबा जेवणं चालू असताना तार तोडीन. मंग माझे चार भरवशाचे गडी उचलतीन, पण असे उचलतीन की बघणाराची कंबर दुखन. दोन दिवस सराव घेतला त्यांचा."

तेवढ्यात तुळजाआत्या उठल्या. वाजंत्रीवाला थांबला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आत्या पलंगाजवळ गेल्या, त्याच्या बारीक पायांकडे बघितलं, हसनाबादच्या बायांकडे बघितलं आणि पदर खोचला. कोपरा धरला. उचलला.

पलंग हलला नाही.

आत्यांनी भुवया वर केल्या. पाय रोवले, दात आवळले आणि पुन्हा जोर केला. दोन बांगड्या फुटल्या. पलंग हूं की चूं नाही.

"बराबर," आत्या म्हणाल्या. मग थांबून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी पुढे शब्द जोडले: "बिलकुल बराबर! दिसतो काडीवानी अन् हाय पहाडावानी. आठाच्या वर हाय ह्यो."

अक्षता पडेपर्यंत तो दहा माणसांचा झाला. पहिली पंगत बसेपर्यंत बारा. लाकूड आसामातून आणलंय असं माझ्या मावसभावानं मलाच सांगितलं. मामांचा धाकटा भाऊ एका कोपऱ्यात पाणी पीत बसला होता आणि पाणीच पीत राहिला.

जेवताना मी बेबीनंदाला घास देत होतो, तेव्हा तिनं मुंडावळ्यांच्या आडून हळूच विचारलं, "आत्या काय म्हणल्या पलंगाला?"

"बारा माणसांचा."

तिचा घास हातातच राहिला. मी तिला खुंट्यांची, तारेची आणि माळांची सगळी हकीकत सांगितली. दोन्हीकडच्या बाया आमच्याकडे बघून 'काय गुलुगुलु चाललंय' म्हणून हसत होत्या.

"अहो, पुढल्या महिन्यात आत्या मोतीबिंदूला येणार हाईत ना आपल्याकडं? परीक्षेपर्यंत राहणार हाईत ना?"

"हो."

"मंग त्यांच्यासमोर मी बारा मानसाचा पलंग रोज एकटीनं भिंतीला उभा कसा करू?"

"त्या तुला बारा माणसांची समजतील."

ती हसली नाही. माझ्या विनोदाला न हसणारी ती पहिलीच नव्हती, पण हे न हसणं मला लागलं. "खोटं वजन सांभाळायचं म्हणलं तर पलंग खालीच ठेवावा लागन," ती म्हणाली. "मंग मी चालू कुठं? तो हंसवाला घेतला असता तर काय वाईट होतं? मी सांगते आत्यांना."

"आत्ता?"

"हात धुतले की."

पण हात धुवायच्या आधीच सामान टेम्पोत चढवायची वेळ झाली. कडूबानं तारा तोडल्या होत्या. मामांचे चार गडी पलंगाभोवती उभे राहून आधीपासूनच धापा टाकत होते. एकानं तर घामासाठी तोंडावर पाणी मारून घेतलं होतं.

"सरका," तुळजाआत्या म्हणाल्या. "बारा मानसाचा पलंग चौघं काय उचलता? माझ्या भाच्याचा पलंग माझ्या गावचे उचलतीन. या रे पैलवान!"

हसनाबादच्या तालमीतले आठ पैलवान आले. त्यांनी नुकतंच जेवण केलं होतं आणि त्यांना ते कुठंतरी वापरायचं होतं. त्यांनी शर्ट काढले. तळहातांना माती लावली. मामांनी "अहो, जरा दमानं, जरा..." असं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात आठ तोंडांतून "बजरंगबली की जय!" निघालं आणि आठ जणांनी आपापली सगळी ताकद एकाच वेळी लावली.

पलंग उडाला.

उडाला याला दुसरा शब्द नाही. तो आठ जणांच्या हातातून सुटून वर गेला, मांडवाच्या रंगीत कागदी झालरीत शिरला, आणि डोक्याकडची पट्टी मांडवाच्या दोरीत अडकून तिथंच लोंबकळत राहिला. झेंडूची फुलं खाली पडत होती. आठ पैलवान हात वर करून उभे होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की ते शरण आलेत.

वाजंत्रीवाल्यानं पुन्हा वाजवायचं थांबवलं.

"उतरवा," आत्या म्हणाल्या.

पलंग उतरवला. आत्या जवळ गेल्या. कोपरा दोन्ही हातांनी उचलला, आला. खाली ठेवला. एका हातानं उचलला; आला. मग दोन बोटांनी. त्या काहीच म्हणत नव्हत्या. मामांचा धाकटा भाऊ पाण्याचा गिलास ठेवून उठून उभा राहिला होता.

"आत्याबाई," मामांचा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "पोरीचा हट्ट होता. चूक माझी. मी आठ दिवसांत दुसरा देतो. हंसवाला. आरशाचा. जालन्यात पाहून ठेवलाय."

"न्हाई, अण्णा," बेबीनंदा म्हणाली.

शालू, मुंडावळ्या, मेंदी, सगळ्यासकट ती पुढे आली आणि आत्यांसमोर उभी राहिली. "आत्या, तो एकटीनं उचलायलाच करून घेतलाय. मी चालत अभ्यास करते. चालले न्हाई तर माझ्या डोक्यात काही राहत न्हाई. खोली एक हाय. पलंग भिंतीला लावला की खोली मोकळी."

"भिंतीला कसा लावते?"

"असा," म्हणत बेबीनंदानं शालूचा पदर खोचला. एका कडेला हात घातला, पलंग आडव्या कडेवर उभा केला आणि रुखवताच्या टेबलाला टेकवला. वेळ लागला नाही, धाप लागली नाही.

आणि सगळ्या मांडवानं "अगं बाई!" केलं. पलंगाचं पोट आता आमच्याकडे होतं, आणि मधल्या रुंद पट्टीवर, खालच्या अंगानं, पिसारा फुलवलेला एक मोर होता. डोळे, तुरा, नखं, सगळं.

आम्ही कडूबाकडे बघितलं.

"ताईच म्हणल्या, दिसायला नको," कडूबा म्हणाला. "मंग न दिसणाऱ्या जागी काढला. मला काय माहीत पलंग उभा करणार हाईत!"

आत्या मोराकडे बघत होत्या. पण मला वाटतं, त्या मोर बघत नव्हत्या. पलंग उभा केल्यावर खालची जी सतरंजी रिकामी झाली होती तिकडे त्या बघत होत्या.

"माझा पलंग सत्तावन्न सालचा," त्या म्हणाल्या. "आठ मानसाचा. आठांनी ठेवला अन् गेले. त्यातले सहा वारले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझं जोडवं त्याच्याखाली गेलं, पार भिंतीकडंला. आमच्या मालकांना म्हणलं, जरा सरकवता का. ते म्हणले, गडी जमले की सरकवू. गडी काही जमले न्हाईत. पुढं ते बी गेले. एका जोडव्यानं राह्यले मी."

आत्यांनी पलंग आडवा करायला बेबीनंदाला खूण केली, आणि तिनं तो केल्यावर आत्यांनी स्वतः कड धरून तो पुन्हा उभा केला. मोर वर आला. पुन्हा आडवा केला. पुन्हा उभा केला. चौथ्या वेळेला त्या हसायला लागल्या.

"बराबर," त्या म्हणाल्या.

मग एकदम त्यांनी पैलवानांकडे बघितलं. "अन् तुम्ही? आठच्या आठ रिकामेच उभे ना? घाला शर्ट. आधी माझ्या घरी."

त्यामुळे माझी वरात घरी न जाता हसनाबादला थेट तुळजाआत्यांच्या घरी गेली. अजून ऊन होतं. नवरी, नवरा, दोन ट्रक, वाजंत्री, सगळे आत्यांच्या ओसरीत. आठ पैलवान आत गेले, "बजरंगबली" झालं, आणि या वेळेला खरोखर आठांची ताकद लागली. पलंग हातभर सरकला. खाली एक पितळी वाटी निघाली, कधीकाळच्या तुरीचे दाणे निघाले, आणि भिंतीच्या कडेला काळं पडलेलं जोडवं. त्याच्या शेजारी एक तंबाखूची डबी होती. ती बघून आत्यांनी जोडव्याला हातसुद्धा लावला नाही. डबी उचलली, पदरानं पुसली आणि भिंतीवरच्या आपल्या यजमानांच्या फोटोसमोर धरली.

"घ्या," त्या फोटोला म्हणाल्या. "म्हणत होते ना, मी फेकली? वर्षभर बोलले न्हाईत!"

फोटोला बोलायला जागा नव्हती. बेबीनंदानं जोडवं उचललं, आत्यांना खाली बसवलं आणि स्वतःच्या लग्नाच्या दिवशी त्यांच्या पायात घातलं.

महिन्याभरानं आत्या मोतीबिंदूला जालन्यात आल्या. तेव्हापासून पलंग उभा करायचं खातं त्यांच्याकडे आहे. डोळ्याला पट्टी होती तेव्हाही त्या चाचपडत उठायच्या आणि "सरका" म्हणायच्या. त्या आता माझ्या खुर्चीवर बसतात. हातात पुस्तक उलटं धरतात आणि बेबीनंदा कुठं अडखळली की "हां, पुढं?" म्हणून दटावतात. मामा दर बाजारच्या दिवशी येतात आणि गल्लीत कुणी विचारलं की सांगतात, "आमचा जालन्यातला एकच पलंग असा हाय, जो बाईमानूस उचलतं. गडीमानसानं उचलला की उडतो." त्यांच्या धाकट्या भावानं कडूबाकडे तसलाच एक सांगितलाय, पण मोर दोन पाहिजेत म्हणाला.

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला आमची खोली अशी असते: भिंतीला पलंग उभा, त्यावर मोर, मोरासमोर आत्या, आणि मधून बेबीनंदा दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. खाली धान्यवाला वर बघून ओरडतो, "अहो भुजंगराव, काट्यावर माती पडू राह्यली!" मी त्याला सांगतो की एकदा तहसीलदारीण झाली की काटे तपासायला तीच येणार आहे, तेव्हा जपून. तो लगेच काट्यावर झाकण ठेवतो.

सध्या जमीन महसुलाचा कायदा चालू आहे. तो फार लांब आहे. मी उशी घेऊन दाराशी उभा आहे.